गरम पाण्याने विषाणू पोटात वाहून जातो का?

साथ आली की गोव्यात घरोघरच्या मोबाईलवर एक जुना निरोप पुन्हा फिरू लागतो: दर १५ मिनिटांनी गरम पाणी प्या, घशातला विषाणू पोटात जाऊन आम्लात मरतो.

ऐकायला पटतं, कारण पोटात आम्ल असतंच. पण श्वसनाचे विषाणू घशात नुसते चिकटून राहत नाहीत, ते नाका-घशाच्या पेशींत शिरतात. नाकापर्यंत तर घोट पोचतच नाही. पाण्याच्या उष्णतेनेच विषाणू मरेल असं म्हणाल, तर घरीच तपासा. गरम पाणी पिण्याआधी आणि नंतर काखेत थर्मामीटर लावा. आकडा जवळपास तोच राहील. तोंडात लावलात तर थोडा वेळ फसवा आकडा दिसेल. विषाणू निकामी करण्याइतकं तापलेलं पाणी तोंडच भाजेल.

घसा शेकतो, बरं वाटतं, म्हणून जरूर प्या. सकाळची पेज, अळसांद्यांचं तोणाक (चवळीची आमटी), बांगडा, पेरू, पुरेशी झोप हे शरीराला रोजच लागतं, साथ असो वा नसो. संसर्गाचा धोका कमी करायला मात्र लस, हात धुणं आणि उघड्या खिडक्या. रात्रीही गजर लावून पाणी पिणाऱ्यांची झोपमोड मला जास्त काळजीची वाटते.