सोन्यावर उभे राहणारे रेणू: थायॉलच्या थराची पार्श्वभूमी

सोन्याचा मुलामा दिलेली काचपट्टी डोडेकेनथायॉलच्या (थायॉल म्हणजे टोकाला गंधक असलेला रेणू; इथे त्याला बारा कार्बनांची साखळी) इथेनॉलमधल्या १ मिलिमोलर द्रावणात संध्याकाळी बुडवून ठेवायची, सकाळी स्वच्छ इथेनॉलने धुऊन नायट्रोजनच्या झोतात वाळवायची. आता तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो पसरत नाही, मण्यासारखा फुगून बसतो. संपर्ककोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ११० अंशांच्या आसपास भरतो. रात्रभरात सोन्यावर एका रेणूच्या जाडीचा, जेमतेम दीड नॅनोमीटरचा थर बसलेला असतो. कृती इतकी साधी आहे, पण थरातली मांडणी नेमकी कशी हे कळायला दशके लागली.

अर्विंग लँगम्यूरने १९१७ मध्ये मांडले की पाण्यावर पसरलेले मेदाम्लाचे रेणू डोके पाण्यात आणि शेपूट हवेत ठेवून उभे राहतात. कॅथरीन ब्लॉजेटने पुढे असे थर काचेवर चढवून दाखवले. मात्र ते दाटीवाटीने उभे राहावेत म्हणून पट्टीने रेटावे लागत. रेटा न देता रेणू आपले आपण जुळतात हे १९४६ मध्ये बिगेलो, पिकेट आणि झिस्मन यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत दाखवले. लांब साखळीचे अल्कोहोल विरघळवलेल्या तेलात स्वच्छ काच बुडवून वर काढली की तेल तिच्यावरून ओघळून जाई आणि काच कोरडी बाहेर येई. थराने आपल्याच द्रावणाला दूर लोटले होते.

१९८० मध्ये याकोब सागिव्ह यांनी काचेवर ट्रायक्लोरोसिलेनचे (टोकाच्या सिलिकॉनला तीन क्लोरीन जोडलेल्या रेणूंचे) थर बसवले. ते चिवट असतात, पण पाण्याच्या बाबतीत फार नाजूक. द्रावण अगदी कोरडे असेल तर थर विरळ राहतो. ओलावा थोडा जास्त झाला की सिलेनचे रेणू द्रावणातच एकमेकांना चिकटतात आणि काचेवर गुठळ्या बसतात. पावसाळी हवेत तर काल जमलेला थर आज जमेलच असे नाही.

म्हणूनच १९८३ मध्ये बेल लॅब्जमधल्या नुझो आणि अलारा यांनी डायसल्फाइड (दोन गंधक एकमेकांना जोडलेले रेणू) सोन्यावर बसवले, ते वळण मोलाचे ठरले. सोने हवेत गंजत नाही, गंधक त्याला घट्ट धरतो आणि पृष्ठभागावरची बरीचशी किरकोळ घाण बाजूला सारतो. थायॉलनेही तेच साधते. सोन्याचा बहुतेक भाग काही मिनिटांतच झाकला जातो. साखळ्या शिस्तीत लागायला मात्र तास लागतात. रात्रभर थांबायचे ते यासाठी.

मांडणीचे गणित सुरेख आहे. सोन्याच्या (१११) पृष्ठभागावर, म्हणजे अणू सर्वांत दाट मांडलेल्या बाजूवर, शेजारच्या अणूंमधले अंतर २.८८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). गंधक त्याच्या वर्गमूळ तीन पट, म्हणजे सुमारे ५ अँगस्ट्रॉम अंतरावर बसतात. साखळीची जाडी मात्र ४.६ च्या आसपास. सरळ उभे राहिले तर मध्ये फट राहते, म्हणून सगळ्या साखळ्या एकाच दिशेला सुमारे ३० अंश कलतात आणि फट बुजते.

एकेक अणू दाखवणाऱ्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली या थरात जागोजागी खड्डे दिसले. तिथे थायॉल बसलेच नसावेत, असे आधी वाटणे साहजिक होते. पण खोली २.४ अँगस्ट्रॉम भरली, म्हणजे नेमकी सोन्याच्या एका अणुथराएवढी. खड्डा सोन्यातच होता आणि त्याच्या तळाशीही थायॉल होतेच! स्वच्छ सोन्याच्या वरच्या थरात २२ जागांवर २३ अणू कोंबलेले असतात. थायॉल बसला की ही दाटी सुटते आणि अणू जागा सोडतात. ज्याला नुसती फरशी समजत होतो ते सोने स्वतःच हलत होते.

काम बिघडते ते बहुधा साध्या कारणांनी. जुन्या द्रावणात थायॉलचे डायसल्फाइड होते. थर उघड्या हवेत पडून राहिला की ओझोन गंधकाला सल्फोनेट करतो आणि तो धुताना निघून जातो. ७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले तर रेणू सुटू लागतात. काच धुण्याचे पिरान्हा मिश्रण (३ भाग संहत सल्फ्युरिक आम्ल, १ भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड) वापरताना भांड्यात ॲसिटोनचा अंशही नको, स्फोट होतो.

खड्डे पडताना सोन्यातून बाहेर पडलेले काही अणू कुठे गेले याचा उलगडा २००६ नंतर होत गेला: दोन गंधकांच्या मध्ये सोन्याचा एक सुटा अणू, पुलासारखा. २००७ मध्ये १०२ अणूंच्या सुवर्णकणाची स्फटिकरचना उलगडली, तिच्यातही हाच पूल सापडला.