आधी दिवा, मग रंग

शेडकार्डावर शांत राखाडी वाटलेला रंग भिंतीवर लागतो आणि रात्री दिवे लागले की गुलाबट दिसायला लागतो. ही तक्रार रंगकामात फार जुनी आहे. दोष बहुतेक वेळा रंगाच्या डब्याला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. डब्यातलं मिश्रण मात्र सहसा बरोबरच असतं, फक्त शेड निवडताना रात्रीचा दिवा कोणीच विचारात घेतलेला नसतो.

भिंतीवरचा रंग स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातल्या काही तरंगलांबी तो शोषतो आणि उरलेल्या परत पाठवतो. जे दिव्यातच नाही, ते भिंत परत पाठवणार कुठून? सीआयई या प्रकाश आणि रंगाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दिवसाच्या प्रकाशासाठी ‘डी६५’ आणि जुन्या तारेच्या बल्बसाठी ‘ए’ अशी दोन मानकं ठरवली आहेत. दोन्हींमध्ये ५६० नॅनोमीटरची (तरंगलांबी या एककात मोजतात) तीव्रता १०० धरली, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्या भागात डी६५ची तीव्रता ११७ आणि ‘ए’ची फक्त ३३ भरते. ६५० नॅनोमीटरच्या लाल भागात चित्र उलटं होतं: डी६५ची ८० आणि ‘ए’ची १६५.

आता एक फिकट आकाशी भिंत घ्या, निळ्यातला ६० टक्के आणि लालमधला ३० टक्के प्रकाश परत पाठवणारी. दिवसा तिच्याकडून डोळ्यात येणारा निळा प्रकाश ७० आणि लाल २४, म्हणजे निळा जवळजवळ तिप्पट. तारेच्या बल्बखाली निळा २० आणि लाल ५०. लाल अडीचपट झाला! भिंत तीच, रंग तोच.

तरीही ती भिंत आपल्याला केशरी दिसत नाही, कारण मेंदू सांभाळून घेतो. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी समोरच्या प्रकाशानुसार आपापली संवेदनक्षमता कमी-जास्त करतात. हे जुळवून घेणं बरंचसं काही सेकंदांत होतं, पूर्ण व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. पण ते शंभर टक्के कधीच होत नाही. उरलेला फरक चटक रंगांत लपून जातो आणि राखाडी, मोतिया, फिकट बेज अशा ‘जवळजवळ रंगहीन’ छटांमध्ये उघडा पडतो. ज्या राखाडीत काळ्याबरोबर थोडा तांबडा ऑक्साइड घातलेला असतो, ती पिवळट दिव्याखाली गुलाबट होते ती यामुळेच. दिव्याच्या प्रकाशाची छटा, म्हणजे रंगतापमान, केल्विनमध्ये सांगतात: आकडा लहान तितका प्रकाश पिवळट. एकाच खोलीत छतात ६५०० केल्विनचे पांढरे दिवे आणि कोव्हमध्ये (छताच्या कडेच्या खाचेत) २७०० केल्विनची पिवळी पट्टी असेल, तर डोळ्याला जुळवून घ्यायला एक प्रकाशच मिळत नाही. मग सलग भिंत दोन वेगळ्या रंगांनी रंगवल्यासारखी दिसते. एका खोलीत एकच रंगतापमान ठेवावं, या सल्ल्यामागचं कारण हे आहे.

केल्विनच्या आकड्यांची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोळ्याला जाणवणारा फरक केल्विनच्या वजाबाकीने नीट मोजता येत नाही. दहा लाखांना केल्विनने भागून आलेल्या ‘मायरेड’ या एककात तो बराच अचूक मोजता येतो. २७०० आणि ३००० यांत ३७ मायरेडचं अंतर आहे; ६२०० आणि ६५०० यांत जेमतेम ७ मायरेडचं. ३०० केल्विनचा फरक पिवळट दिव्यांत सहज दिसतो, पांढऱ्या दिव्यांत जवळजवळ कळतच नाही.

एलईडी आल्यावर प्रश्न आणखी नाजूक झाला. पांढऱ्या एलईडीत बहुतेक वेळा ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो. दोन्ही मिळून पांढरा प्रकाश होतो, पण त्याच्या वर्णपटात ४८० नॅनोमीटरपाशी खळगा राहतो आणि ६३० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल भाग तोकडा पडतो. त्यामुळे विटकरी आणि मरून भिंती मातकट दिसतात, समुद्री हिरव्या छटा निस्तेज होतात. दोन्ही बल्बवर ३००० केल्विन छापलेलं असूनही एकाखाली भिंत जिवंत आणि दुसऱ्याखाली मेलेली दिसू शकते.

म्हणून खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे रंगदर्शकता निर्देशांक, बघावा. तिथे ‘८४०’ असा तीन अंकी संकेत असेल, तर ८ म्हणजे सीआरआय ८० ते ८९ च्या गटातला आणि ४० म्हणजे ४००० केल्विन. पण हा निर्देशांक आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. ठसठशीत लाल त्यात नाहीच. तो ‘आर९’ या नावाने वेगळा मोजतात, आणि सीआरआय ८० असलेल्या दिव्यांत तो बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो. भिंतीत तांबड्या छटेचा अंश असेल तर सीआरआय ९० किंवा जास्त आणि आर९ निदान ५० असलेला दिवा घ्यावा. भिंतीच्या आधी हा फरक माणसांच्या चेहऱ्यावर दिसतो, तेव्हा हा खर्च टाळू नये असं आमचं ठाम मत आहे.

याच वर्णपटामुळे टचअप फसतो. दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांतून दिवसा अगदी एकसारखी दिसणारी शेड बनवता येते. ती एलईडीखाली वेगळी पडू शकते. दुसऱ्या कंपनीकडून ‘मॅच’ करून आणलेल्या डब्याने भरलेला चट्टा रात्री उठून दिसतो, त्यात रंगाऱ्याचा हात वाईट नसतो. टचअपसाठी त्याच बेसचा (ज्यात रंगद्रव्यं मिसळून शेड बनवतात त्या मूळ रंगाचा), त्याच फॉर्म्युल्याचा रंग जपून ठेवावा.

शेडकार्डावरचा तुकडा आणखी एका बाबतीत चकवतो. खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर उसळत राहतो आणि दर वेळी गाळला जातो. पिवळ्यातला ७० टक्के आणि निळ्यातला ५० टक्के प्रकाश परतवणारा बेज घेतला, तर पहिल्या परावर्तनानंतर प्रमाण ७०:५० असतं, दुसऱ्यानंतर ४९:२५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चारही भिंतींना लावलेला रंग कार्डापेक्षा पिवळा आणि गडद वाटतो तो भास नव्हे. चारही भिंती रंगवायच्या असतील तर एक पायरी फिकट शेड घ्यावी. लाकडी किंवा लालसर फरशीसुद्धा भिंतीच्या खालच्या भागाला आपला रंग चढवते.

अंधूक प्रकाशात मात्र उलटं घडतं. उजेड कमी झाला की रंग फिके आणि एकसुरी वाटतात. रंगवैज्ञानिक रॉबर्ट हंट यांनी १९५२ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला. दिवसा खुलणारा गडद निळा रात्री नुसता काळा दिसतो तो यामुळे. कार्डाच्या मागे एलआरव्ही, म्हणजे रंग किती टक्के प्रकाश परत पाठवतो तो आकडा, छापलेला असतो. तो १० असेल तर भिंत पडलेल्या प्रकाशाचा दहावा भागच परत देते. अशा भिंतीवर स्वतंत्र झोत लागतो. भिंतीला घासून जाणारा झोत मात्र टाळा, कारण पुट्टीचे उंचवटे आणि रोलरच्या रेघा तोच दाखवतो. तो हवाच असेल, तर फिनिश मॅट घ्यावं.

नमुना बघायची पद्धत अशी. प्रायमर मारलेल्या ६० × ६० सेंटिमीटरच्या फळीवर दोन हात मारा आणि २४ तास वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारला तर शेजारचा जुना रंग नजर बिघडवतो. फळी उभीच धरा. टेबलावर आडवी ठेवली तर तिच्यावर छताचा प्रकाश पडतो, भिंतीवरचा नव्हे. शेवटी जो दिवा लावायचा आहे तोच लावून, पडदे ओढून, दोन-तीन मिनिटं थांबून मग बघा. खिडकीच्या भिंतीवर आणि समोरच्या भिंतीवर, दोन्हीकडे. तुलनेसाठी प्रिंटरचा कागद धरू नका: त्यातले ऑप्टिकल ब्राइटनर दिवसाच्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात आणि शेजारचा पांढरा रंग उगाच पिवळट भासतो. नेहमीच्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, त्यामुळे रात्री हाच कागद वेगळा दिसतो.

डिमर बसवणार असाल तर तोही याच वेळी फिरवून बघा. तारेचा बल्ब मंद केला की अधिक पिवळा होत जातो. साधा एलईडी मंद होतो, पण त्याचं रंगतापमान जवळपास तेच राहतं. ६५०० केल्विनचा दिवा मंद केला की भिंती थंड आणि उदास वाटतात. दिवे पक्के झाले की त्याच बॅचचे दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा. तोच आकडा छापलेला नवा बल्बही किंचित हिरवट किंवा गुलाबट निघू शकतो, आणि फिकट भिंतीवर एका ओळीतला तो एक दिवा लगेच ओळखू येतो.