मतांगीकार म्हणताना मनात काय असते?

काही ख्रिस्ती लोक आपल्या धर्माच्या मुख्य सिद्धांतापेक्षा वेगळे का मानतात? एका उदाहरणापासून सुरुवात करू. कॅथलिक चर्चची शिकवण अशी आहे, की मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू अर्पण करतो ती भाकर आणि तो द्राक्षारस नुसती प्रतीके राहत नाहीत. दिसायला, चवीला ती तशीच असली, तरी तत्त्वतः ती येशू ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. ही काही कोपऱ्यातली शिकवण नव्हे. कॅथलिक उपासनेचा तो गाभाच आहे. तरीही २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या पाहणी करणाऱ्या संस्थेने अमेरिकेतल्या कॅथलिकांना याविषयी विचारले, तेव्हा ६९ टक्के लोकांनी ती फक्त प्रतीके आहेत असे उत्तर दिले.

मला या आकड्यापेक्षा त्याची फोड जास्त महत्त्वाची वाटते. चर्च काय शिकवते हे ठाऊक असूनही ते मान्य नाही, असे सांगणारे २२ टक्के होते. सर्वांत मोठा गट, ४३ टक्क्यांचा, निराळाच होता. भाकर आणि द्राक्षारस प्रतीके आहेत असे हे लोक मानत होते आणि चर्चही हेच शिकवते, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे त्यांनी बंड वगैरे काही केले नव्हते. आपण चर्चच्या वाटेवरच चालतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती.

मुख्य धर्मसिद्धांतापेक्षा वेगळे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसांबद्दल बोलताना आपल्याला आधी पाखंडी आठवतात, खटले आठवतात, जाळपोळ आठवते. पण वेगळे मानणारे बहुतेक लोक या ४३ टक्क्यांसारखे असतात. त्यांच्याकडे अज्ञानी म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांच्या मनात जे घडते ते सगळ्यांच्याच मनात घडते, आणि ते प्रयोगांतून दाखवता येते.

असा एक प्रयोग जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. देव एकाच वेळी सगळीकडे असतो का, त्याला एका वेळी अनेक गोष्टी करता येतात का, असे थेट विचारले तर लोक सिद्धांताला धरून उत्तर देत. मग त्यांना छोट्या गोष्टी दिल्या गेल्या. एका गोष्टीत एक मुलगा खळाळत्या नदीत पोहताना खडकांमध्ये पाय अडकून पडतो आणि देवाची प्रार्थना करतो. त्या वेळी देव जगाच्या दुसऱ्या भागात कोणाची तरी प्रार्थना ऐकत असतो. पण लवकरच तो एक खडक सरकवतो आणि मुलगा सुटतो. देवाने पहिले काम संपवले आणि मग तो मुलाकडे वळला, असे गोष्टीत कुठेच म्हटलेले नाही. गोष्ट आठवून सांगताना मात्र अनेकांनी नेमके तेच घातले. त्यांच्या आठवणीतला देव एका जागी होता, एका वेळी एकच काम करत होता आणि एक आटोपल्यावर दुसरे हाती घेत होता. पुढे बॅरेट यांनी उत्तर भारतातल्या हिंदूंबरोबर याच पद्धतीने अभ्यास केला, तेव्हा तिथेही असाच कल दिसला. तेव्हा हा दोष एखाद्या धर्माचा किंवा चर्चचा मानता येत नाही.

निवांत बसून विचार करताना मन एक प्रतिमा वापरते आणि गोष्ट ऐकताना, प्रार्थना करताना, घाईत निर्णय घेताना दुसरी. सर्वव्यापी, कालातीत, अपरिवर्तनीय देव ही कल्पना शब्दांत मांडता येते, पण तिला धरून पुढचे अनुमान काढणे मनाला फार जड जाते. कालातीत देव ‘उत्तर देतो’ म्हणजे नेमके काय करतो? अशा वेळी मन त्याला ओळखीचे तेच वापरते, म्हणजे माणसाचा नमुना. विचारवंतांनी कित्येक शतके घासूनपुसून तयार केलेला सिद्धांत स्मरणात असतो, पण कामाला येते ती जुनी, सोपी प्रतिमा.

मृत्यूच्या कल्पनेतही हेच दिसते. मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती लोक उपासनेत एकत्र म्हणतात ते आपल्या श्रद्धेचे ठरावीक निवेदन. प्रेषितांच्या मतांगीकारात ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द स्पष्ट आहेत. ख्रिस्ती सिद्धांतानुसार अंतिम आशा शरीरासकट उठण्याची आहे. केवळ आत्म्याने उडून जाऊन कायमचे आभाळात राहण्याची नव्हे. देवदूतही वेगळी निर्मिती आहेत, मेलेली माणसे देवदूत होत नाहीत. पण ख्रिस्ती घरांत लहान मूल गेले, की ‘ते आता देवदूत झाले’ असे सहज म्हटले जाते आणि पुनरुत्थित शरीराचा विषय क्वचितच निघतो.

याचे एक कारण जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्यॉर्क्लुंड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. त्यांनी मुलांना बाहुल्यांच्या खेळात एका उंदराला मगर खाऊन टाकते असे दाखवले आणि मग प्रश्न विचारले. उंदराला आता खायला लागेल का? त्याचा मेंदू चालतो का? अशा प्रश्नांना मुले बऱ्याचदा ‘नाही’ म्हणाली. पण त्याचे आईवर अजून प्रेम आहे का, असे विचारल्यावर ‘हो’ म्हणणारी बरीच निघाली. शरीर थांबते हे मुलांना कळते. प्रेम, इच्छा, जाणीव थांबते ही कल्पना मात्र मनाला सहज करता येत नाही. अशा मनात शरीराविना उरणारा आत्मा आपोआप बसतो. शरीराचे पुनरुत्थान शिकवावे लागते, आणि शिकवूनही ते निसटते.

मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मधला अभ्यास मला यांहूनही अस्वस्थ करणारा वाटतो. वादग्रस्त सामाजिक प्रश्नांवर तुमचे मत काय, इतर लोकांचे मत काय असेल आणि देवाचे मत काय असेल, असे त्यांनी श्रद्धाळू लोकांना विचारले. देवाचे मत म्हणून लोकांनी जे सांगितले ते त्यांच्या स्वतःच्या मताशी फार जवळून जुळले. इतरांच्या मताचा अंदाज तितका जुळला नाही. मग संशोधकांनी लोकांचे स्वतःचे मत हलवून पाहिले. एका प्रयोगात त्यांना मृत्युदंडावर भाषण लिहून म्हणून दाखवायला लावले. मत जिकडे सरकले, तिकडेच ‘देवाचे मत’ही सरकले. ख्रिस्ती सिद्धांतातला देव बदलत नाही. मनातल्या देवाचे मत एका दुपारीही बदलू शकते, आणि आपण ते बदलले हे माणसाला कळतही नाही.

हे सगळे लक्षात घेतले, की मूळ प्रश्नच उलटा करावासा वाटतो. काही ख्रिस्ती लोक वेगळे का मानतात, यापेक्षा इतके ख्रिस्ती लोक इतक्या अवघड गोष्टींवर एकमत कसे ठेवू शकतात, हे अधिक मोठे कोडे आहे. हार्वे व्हाइटहाउस या मानवशास्त्रज्ञाने दिलेले उत्तर मला पटते: पुनरावृत्ती. दर रविवारी तोच मतांगीकार, तीच वचने, तीच गीते, प्रवचन, लहान मुलांची प्रश्नोत्तरी. गुंतागुंतीची शिकवण टिकवायची तर ती वारंवार म्हणावी लागते, आणि कोणी वेगळे बोलले तर ते चटकन ओळखू येईल अशी व्यवस्था लागते. ही व्यवस्था सैल पडली, की मन आपल्या सोप्या वाटांवर परत येते. शिवाय ओठांवरचे शब्द अचूक असले म्हणून त्यांमागचा अर्थ अचूक असेलच असे नाही. तपासता येतात ते शब्द. अर्थ प्रत्येकाच्या मनात एकटाच असतो.

त्र्यैक्याची शिकवण याची कसोटी पाहते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच. लिगोनियर मिनिस्ट्रीज आणि लाइफवे रिसर्च या ख्रिस्ती संस्थांच्या २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ७३ टक्के इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, ख्रिस्ती लोकांनी ‘येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वश्रेष्ठ जीव आहे’ या विधानाला होकार दिला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याची शिकवण साधारण हीच होती. मुख्यतः तिच्यावरून पेटलेला वाद मिटवण्यासाठी इ.स. ३२५ मध्ये नायसियाची धर्मपरिषद भरली आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, निर्माण केलेला नाही, असे ठरले. हा आकडा वाचताना थोडी सबुरीही हवी. पाहणीतले विधान पौलाच्या नावाने असलेल्या कलस्सैकरांस पत्रातल्या ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ या शब्दांच्या फार जवळचे आहे, आणि बायबल रोज वाचणारा माणूस ओळखीचे शब्द ऐकून मान डोलावणारच. पण आरियसवादीही याच प्रकारच्या वचनांचा आधार घेत. बायबलमध्ये दोन्ही बाजूंना खेचता येतील अशी वचने आहेत, म्हणूनच तर परिषद भरवावी लागली.

इथे दुसरा गट पुढे येतो, त्या २२ टक्क्यांच्या जातीचा: वाचून, तोलून, जाणूनबुजून वेगळे मानणारा. मिगेल सेर्वेट हा स्पेनचा वैद्य त्यांपैकी एक. त्र्यैक्याला बायबलात आधार नाही असे त्याने लिहिले आणि १५५३ मध्ये जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूला जाते हे युरोपात छापील स्वरूपात मांडणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता, आणि ते वर्णन त्याने वैद्यकाच्या नव्हे, धर्मशास्त्राच्या ग्रंथात केले होते. आयझॅक न्यूटन जास्त सावध होता. जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासातून त्यानेही त्र्यैक्य नाकारले, पण ते जन्मभर गुप्त ठेवले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फेलोंना, म्हणजे कॉलेजातल्या सदस्य-विद्वानांना, धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यावी लागे. १६७५ मध्ये राजाकडून सूट मिळाल्याने त्याची त्यातून सुटका झाली.

यांच्याइतके शिक्षण नसलेलाही स्वतः विचार करू शकतो. इटलीच्या फ्रिउली भागात मोंतेरेआले गावी दोमेनिको स्कांदेला नावाचा गिरणीवाला होता. लोक त्याला मेनोक्किओ म्हणत. त्याने मिळतील ती थोडीफार पुस्तके वाचली होती, त्यांत लोकभाषेतले बायबल होते आणि परक्या धर्मांच्या लोकांची वर्णने करणारे एक प्रवासवर्णनही. धर्मन्यायालयापुढे त्याने सांगितले, की आरंभी माती, हवा, पाणी, अग्नी सगळे एकत्र कालवलेले होते. दुधाचे चीज व्हावे तसा त्याचा गोळा झाला, त्यात किडे निर्माण झाले आणि तेच देवदूत. देवावर प्रेम करण्यापेक्षा शेजाऱ्यावर प्रेम करणे मोठे, असेही तो म्हणे. १५८४ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तुरुंगवास झाला, सुटका झाली. तो गप्प राहू शकला नाही. १५९९ मध्ये पुन्हा खटला झाला आणि त्याला मृत्युदंड मिळाला. पुस्तकातल्या ओळी आणि रोज डोळ्यांना दिसणारे जग यांची त्याने स्वतःच्या हाताने सांगड घातली होती. त्याच्यासारखी सांगड घालणारे किती असतील! त्यांच्यावर खटले झाले नाहीत म्हणून ते आपल्याला माहीत नाहीत.

आता आधीच्या प्रयोगांवरून कोणी असा निष्कर्ष काढेल, की सिद्धांतापासूनची प्रत्येक वाट मनाला सोप्या दिशेनेच जाते. तसे नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त परत येईल अशी वाट पाहिली. तो आला नाही. अनेकजण मोडून पडले, पण काहींनी तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली, असा अर्थ लावला. त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले आणि आज त्याचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. ते आत्म्याला स्वभावतः अमर मानत नाहीत. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीही न जाणता निजलेला असतो, असे ते शिकवतात. ही शिकवण बेरिंग यांच्या प्रयोगातल्या मुलांच्या कलाच्या थेट उलट जाते. त्यांचे सुरुवातीचे अनेक पुढारी त्र्यैक्य मानत नव्हते, पण विसाव्या शतकात हाच पंथ त्र्यैक्याकडे आला. मनाचा कल ओढ लावतो हे खरे. पण ग्रंथाचे कसून वाचन, एखादी मोठी निराशा आणि घट्ट बांधलेला समाज त्या ओढीच्या विरुद्धही नेऊ शकतात.

आणि ‘मुख्य’ सिद्धांत म्हणजे तरी कोणाचा? इ.स. ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने ख्रिस्त एक व्यक्ती, पण त्याचे स्वभाव, म्हणजे मूळ प्रकृती, दोन, दैवी आणि मानवी, असे ठरवले. इजिप्तच्या कॉप्टिक, आर्मेनियन आणि इथिओपियन चर्चांनी ते मान्य केले नाही. रोम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या नजरेतून हे लोक बाहेरचे ठरले. स्वतःच्या नजरेतून प्रेषितांची श्रद्धा जपणारे तेच होते. त्यांच्यातल्या साध्या भाविकाने काही वेगळे ‘निवडले’ नव्हते. तो जिथे जन्मला, तिथला मतांगीकार त्याने आईकडून ऐकला आणि म्हटला, जसा रोममधल्या भाविकाने आपला म्हटला. १० मे १९७३ रोजी पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक चर्चचे पोप तिसरे शेनूदा यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, आणि त्याचे देवत्व व मानवत्व न मिसळता, न तुटता एकत्र आहे, असे त्यात दोघांनी मिळून म्हटले. ज्या प्रश्नावरून ही दोन चर्चे पंधराशे वर्षे वेगळी राहिली, त्यावर त्यांना एकत्र म्हणता येतील असे शब्द सापडले होते.