‘ओबामा फोन’चा पैसा कुठून येतो?

२७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एक निकाल दिला आणि तिथल्या गरीब कुटुंबांच्या फोन सवलतीवरची टांगती तलवार तूर्त तरी बाजूला झाली. सवलत द्यावी की देऊ नये, हा मुद्दा न्यायालयापुढे नव्हताच. ती ज्या निधीतून दिली जाते त्या निधीची वर्गणी किती असावी, हे कायदेमंडळाऐवजी दूरसंचार आयोग दर तिमाहीला ठरवतो. हे राज्यघटनेत बसतं का, एवढाच प्रश्न होता. बहुमताने उत्तर दिलं, बसतं. निकालावरची बहुतेक चर्चा या घटनात्मक बाजूभोवतीच फिरली. पण इतकं भांडण ज्या पैशावरून झालं तो येतो कुठून आणि जातो कुठे, याची गोष्ट वेगळीच आहे. ती समजून घेतल्याशिवाय निकालाने काय सुटलं आणि काय तसंच राहिलं, हे कळणार नाही.

‘ओबामा फोन’ म्हणून ओळखली जाणारी ही सवलत, मूळ नाव ‘लाइफलाइन’, चाळीस वर्षांची. तिच्यावरून रान पेटलं ते मात्र गेल्या पंधरा-सतरा वर्षांत, म्हणून जुना भाग भरभर उरकतो. फोन सगळ्यांना वाजवी दरात मिळावा, हे तत्त्व १९३४ च्या कायद्यात आलं. महामंदीत लोक घरचे फोन काढून टाकत होते, त्या काळातला हा कायदा. पुढची पन्नास वर्षं एकच बलाढ्य कंपनी लांबच्या कॉलला जादा पैसे लावायची आणि त्यातून घरचा फोन स्वस्त ठेवायची. १ जानेवारी १९८४ ला ती कंपनी फोडण्यात आली आणि हा आतल्याआतला हिशेब उघड्यावर आला. १९८५ पासून प्रत्येक घरगुती लाइनवर महिन्याला एक डॉलरचा नवा आकार बसला, तो काही वर्षांत साडेतीन डॉलरवर गेला. या ओझ्याने गरीब घरं फोनच सोडतील म्हणून त्यांना हा आकार माफ करायचं ठरलं, तीच लाइफलाइन. राष्ट्राध्यक्ष होते रेगन. १९८७ मध्ये जोडणीच्या खर्चातही निम्मी सूट आली, कमाल तीस डॉलर. राज्याने स्वतःचा वाटा घातला तरच हे मिळायचं, त्यामुळे काही राज्यं बाहेरच राहिली.

१९९६ च्या कायद्याने हे विस्कळीत प्रकरण एका निधीत आणलं. दूरसंचार कंपन्यांनी वर्गणी भरायची आणि त्यातून चार कामं करायची: दुर्गम भागातल्या फोन कंपन्यांना मदत, शाळा-ग्रंथालयांना जोडण्या, ग्रामीण आरोग्यसेवा आणि गरिबांना सवलत. कंपन्यांना ही वर्गणी ग्राहकाच्या बिलात घालायची मुभा होती. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या आपल्या नातलगांच्या बिलावर ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ नावाची जी ओळ असते, ती हीच. १९९८ पासून सवलत सगळ्या राज्यांत लागू झाली. निधी सांभाळायला एक वेगळी ना-नफा संस्था काढली आणि पैसा बरीच वर्षं सरकारी तिजोरीत न जाता खासगी बँकेत राहिला. २०१६ मध्ये तिथे नऊ अब्ज डॉलर होते. सरकारी लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये त्यावर बोट ठेवलं, मग तो तिजोरीत हलवण्यात आला.

आता खरा वादाचा निर्णय. कायद्यात अट होती की सवलत देणाऱ्या कंपनीचं थोडंफार तरी स्वतःचं जाळं हवं. २००४ मध्ये एका प्रीपेड मोबाइल कंपनीने आयोगाकडे अर्ज केला, ही अट आम्हाला लावू नका. या कंपनीकडे ना टॉवर ना तारा. दुसऱ्यांच्या जाळ्यावरची मिनिटं घाऊक घ्यायची आणि किरकोळीत विकायची, हा तिचा धंदा. सप्टेंबर २००५ मध्ये आयोगाने तिला सूट दिली.

त्याच्या आठवडा-दहा दिवस आधी कत्रिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं होतं. त्यामुळे ‘वादळग्रस्तांसाठी सुरू केलेले मोबाइल पुढे चालूच राहिले’ अशी एक कथा रूढ झाली आहे. ती अर्धवट आहे. वादळग्रस्तांसाठी आयोगाने वेगळा, तात्पुरता आदेश काढला होता. त्यात एका कुटुंबामागे कमाल १३० डॉलरमध्ये हँडसेट आणि किमान ३०० मिनिटं होती. तो आदेश आपल्या मुदतीने संपला. प्रीपेड कंपनीचा अर्ज वादळाच्या वर्षभर आधीचा. दोन निर्णय शेजारी-शेजारी पडले आणि लोकांनी त्यांची गाठ मारली.

सूट देण्यामागचा युक्तिवाद मात्र पटण्यासारखा होता. डोंगरदऱ्यांत जाळं उभारायला पैसे देताना ‘तुझं स्वतःचं जाळं दाखव’ म्हणणं रास्त आहे, पण इथे पैसे जाळ्यासाठी नव्हते, ग्राहकाचं बिल कमी करण्यासाठी होते. शिवाय गरीब माणसाला घरच्या भिंतीवरचा फोन कितपत उपयोगी? भाडं थकलं की घर बदलतं, जुनं बिल थकलेलं असतं म्हणून नवी लाइन मिळत नाही, आणि उद्या कामावर ये हा निरोप येतो तेव्हा तो घरी नसतोच. प्रीपेड मोबाइलला अनामत नाही, थकबाकी नाही. २००५ मध्ये मोबाइलला दार बंद ठेवणं म्हणजे योजना हळूहळू मारणं होतं.

घोळ झाला तो पात्रतेच्या तपासणीत. आयोगाची अट अशी की ग्राहकाने शपथेवर लिहून द्यावं: मी पात्र आहे आणि माझ्या घरात ही सवलत एकच आहे. तो कागद घ्यायचा कंपनीने आणि दरमहा माणशी पैसेही मिळायचे कंपनीलाच. म्हणजे ज्याला प्रत्येक नावामागे कमाई, त्यानेच नावं पारखायची. तारेच्या फोनला आपसूक मर्यादा होती, एका घरात एकच तार यायची. मोबाइलला तीही नाही. माझ्या मते सगळं पुढचं रामायण या एका फटीतून घडलं, मोबाइल दिल्यामुळे नव्हे.

२००८ मध्ये टेनेसीपासून वाटप सुरू झालं. सुरुवातीला महिन्याला साठ-सत्तर मिनिटं मिळायची, मग स्पर्धक आले तशी ती अडीचशेवर गेली. हँडसेटचे पैसे निधीतून जात नव्हते. कंपनी साधासा फोन पदरचा द्यायची आणि दरमहा मिळणाऱ्या रकमेतून वसूल करायची. त्यामुळे ‘सरकार फुकट मोबाइल वाटतं’ हे अक्षरशः खोटं होतं. पण फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कार्यालयाबाहेर तंबू ठोकून, घडीचं टेबल मांडून, फॉर्ममागे कमिशन घेणारा दलाल बसलेला असायचा. त्याला कार्ड दाखवलं, सही केली की फोन हातात. त्या टेबलापाशी उभ्या माणसाला निधी, वर्गणी, कंपनीची पदरमोड हा फरक कसा कळावा? आणि रस्त्यावरून जाणाऱ्या, स्वतःचं बिल भरणाऱ्या माणसाला तरी कसा कळावा?

खर्च २००८ मधल्या सुमारे ८० कोटी डॉलरवरून २०१२ मध्ये २.२ अब्जांच्या आसपास गेला. सगळी वाढ लबाडीची नव्हती. मंदीने फूड स्टॅम्पवर आलेली कुटुंबं वाढली होती आणि ते कार्ड असलं की लाइफलाइनला पात्रता मिळतेच. पण एका माणसाच्या नावावर दोन-तीन कंपन्यांचे फोन, हा प्रकारही सर्रास होता.

‘ओबामा फोन’ हे नाव २००९ च्या फिरत्या ईमेलांतून आलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये, ‘ओबामांनी फोन दिला’ असं सांगणाऱ्या क्लीव्हलँडमधल्या एका बाईच्या व्हिडिओने घरोघरी पोचलं. सवलत रेगन यांच्या काळातली, मोबाइलची वाट उघडली ती धाकट्या बुश यांच्या काळात. आणि योजनेला पहिली खरी कात्री लागली ती ओबामांच्याच काळात, व्हिडिओच्या आठ महिने आधी. जानेवारी २०१२ च्या आदेशाने एका कुटुंबाला एकच सवलत ठरवली, दुबार नावं शोधायला राष्ट्रीय यादी आणली, साठ दिवस न वापरलेला फोन बंद करायला सांगितलं आणि जोडणी खर्चातली सूट आदिवासी भूभाग सोडून सगळीकडे बंद केली. कुटुंब कोणतं, यावरही खल झाला. एका निवाऱ्यात, एकाच पत्त्यावर वीस माणसं राहतात, त्यांचं काय? शेवटी उत्पन्न आणि खर्च एकत्र तेच कुटुंब, असं ठरलं. आपल्याकडे शिधापत्रिकेला ‘एक चूल’ लावतात तसाच हा निकष.

त्याच आदेशात वेगवेगळ्या राज्यांतल्या रकमांची सरासरी काढून महिन्याला ९.२५ डॉलर हा सरसकट आकडा ठरला, ‘तात्पुरता’ म्हणून. २०१६ मध्ये योजनेत इंटरनेट आलं, तपासणी कंपन्यांच्या हातून काढून राष्ट्रीय पडताळणी यंत्रणेकडे द्यायचं ठरलं, पण आकडा तोच राहिला. आज नुसत्या बोलण्याच्या फोनला तर ५.२५ डॉलरच मिळतात. पात्रता दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांपर्यंत. २०२५ च्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ४३,४०० डॉलर.

नवी यंत्रणा उभी राहायच्या आत, २०१७ मध्ये, लेखापरीक्षकांचा अहवाल आला. तपासलेल्या ३५ लाख ग्राहकांपैकी १२ लाखांची, म्हणजे ३६ टक्क्यांची, पात्रता पडताळता आली नाही. ‘पडताळता आली नाही’ याचं मथळ्यांत ‘बोगस’ झालं. सगळे बोगस नसतील, पण दहा वर्षं तपासणी ढिली ठेवली की संशयाचा फायदा कुणी देत नाही.

या गदारोळात वर्गणीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. अलीकडे निधीतून वर्षाला साधारण आठ अब्ज डॉलर खर्च होतात. त्यातला सर्वांत मोठा वाटा, निम्म्याच्या आसपास, ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या फोन कंपन्यांकडे जातो. गरिबांची सवलत एक अब्जाच्याही आत आहे. बदनामी मात्र सगळी तिच्या वाट्याला.

वर्गणी बसते ती फक्त आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचारातल्या महसुलावर. हे असंच का, याचं एक कारण १९९९ चा अपिलीय न्यायालयाचा निकाल. राज्याच्या आतल्या कॉलच्या महसुलाला हात लावायचा आयोगाला अधिकार नाही, असं त्यात ठरलं. तारेच्या फोनवर हा हिशेब सरळ होता, लांबचा कॉल बिलात वेगळा दिसायचा. मोबाइलच्या एकरकमी बिलातला आंतरराज्य भाग किती, हे सांगणार कोण? मग ठोकताळा बांधला. १९९८ मध्ये १५ टक्के, २००२ मध्ये २८.५, २००६ मध्ये ३७.१. हा ठोकताळा वापरणाऱ्या कंपनीच्या बिलात बोलण्याचे वीस डॉलर असतील, तर ७.४२ डॉलर हिशेबात येतात आणि वर्गणीच्या २०२५ मधल्या सुमारे ३६ टक्के दराने ग्राहकावर पडतात २.६७ डॉलर. डेटावर काही नाही, मेसेजवर नाही.

इथेच पाया खचतो. बिलातला बोलण्याचा भाग आटतोय, डेटाचा वाढतोय. वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेतली मराठी मुलं कॉलिंग कार्ड घेऊन पुण्या-नाशकाला फोन करायची, तेव्हा आंतरराष्ट्रीय कॉलचा तो महसूलही या निधीच्या कक्षेत होता. आज त्याच गप्पा व्हॉट्सॲपवर होतात आणि निधीला छदामही मिळत नाही. वर्गणीयोग्य महसूल निम्म्याहून खाली आला, खर्च मात्र कमी झाला नाही, त्यामुळे दर चढत गेला. सुरुवातीच्या वर्षांत पाच-सहा टक्के, २०१२ मध्ये पंधरा ते अठरा, २०२५ मध्ये छत्तीसच्या वर. भार पडतो तो अजून जुना फोन धरून असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवर, ज्यांचं बिल जवळपास सगळंच बोलण्याचं असतं.

याच चढत्या दरामुळे खटला उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये एका अपिलीय न्यायालयाच्या पूर्णपीठाने नऊ विरुद्ध सात मतांनी ही वर्गणी म्हणजे कर आहे आणि तो बसवण्याची ही पद्धत घटनाबाह्य आहे, असं म्हटलं. गंमत अशी की १९९९ चा निकालही याच न्यायालयाचा, आणि तेव्हा त्याने ही वर्गणी कर नाही असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पूर्णपीठाचा निकाल फिरवला.

भारतात असा निधी २००२ पासून आहे, २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचं बळ मिळालं आणि २०२३ च्या कायद्याने त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ झालं. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के घेतले जातात, पण ते आधी देशाच्या एकत्रित निधीत जातात आणि संसदेच्या मंजुरीने बाहेर येतात. त्यामुळे कर की वर्गणी हा पेच आपल्याकडे उभा राहत नाही, उलट गोळा झालेला पैसा पुरता खर्चच होत नाही ही तक्रार असते. शिवाय तो कुणा कुटुंबाचं बिल कमी करायला वापरला जात नाही. गावातला सार्वजनिक फोन, गडचिरोलीसारख्या भागातले टॉवर, ग्रामपंचायतीपर्यंत नेलेली भारतनेटची फायबर, असा तो जातो.

अमेरिकेतही थेट सरकारी पैशातून सवलत देण्याचा प्रयोग झाला. कोविडकाळात आधी ३.२ आणि मग १४.२ अब्ज डॉलर कायदेमंडळाने मंजूर केले. इंटरनेटसाठी कुटुंबामागे महिन्याला आधी पन्नास आणि मग तीस डॉलर मिळू लागले, म्हणजे लाइफलाइनच्या तिप्पट. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात आली. पुढचा पैसा मंजूर झाला नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणी थांबली आणि १ जूनला योजना बंद पडली.

त्यामुळे निकालानंतरही पेच तिथेच आहे. वर्गणी इंटरनेटवर बसवावी म्हटलं, तर ज्यांना इंटरनेट जेमतेम परवडतं त्यांचंही बिल वाढतं. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडून घ्यावी, तर त्यासाठी नवा कायदा लागतो. अर्थसंकल्पातून द्यावी, तर २०२४ चा अनुभव ताजा आहे. यातलं काहीच ठरलेलं नसताना २०२५ च्या शेवटच्या तिमाहीसाठी वर्गणीचा दर जाहीर झाला: ३८.१ टक्के.