जावातला ‘एक दिवस’: ड्युरेशन आणि पीरियड वेगळे कसे झाले

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे सोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संचात, कालावधीसाठी ‘ड्युरेशन’ आणि ‘पीरियड’ असे दोन वर्ग (क्लास, म्हणजे माहितीचे साचे) आहेत, आणि नव्याने शिकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की एका गोष्टीसाठी दोन वर्ग कशाला. २०१४ साली ९ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्कमधली घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे सरकली. आदल्या दिवशी सकाळी दहाच्या वेळेत पीरियडचा एक दिवस मिळवला, तर ९ तारखेचे सकाळचे दहा मिळतात. ड्युरेशनचा एक दिवस मिळवला, तर अकरा वाजलेले असतात, कारण तो दिवस म्हणजे मोजून ८६,४०० सेकंद. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ‘उद्या याच वेळी बैठक’ असे म्हणणाऱ्याला पहिले हवे असते, आणि चोवीस तासांनी बाद होणारा पासवर्ड सांभाळणाऱ्याला दुसरे. हा भेद प्रमाण लायब्ररीत उतरायला जावाला अठरा वर्षे लागली.

१९९६ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीत ‘डेट’ हा वर्ग होता. त्याच्या पोटात १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या मिलिसेकंदांचा आकडा असे. वर्ष १९०० पासून आणि महिने शून्यापासून मोजण्याची त्याची खोड अनेकांना अजून आठवत असेल. पुढच्या वर्षी ‘कॅलेंडर’ आला. कालावधीसाठी मात्र काहीच नव्हते, त्यामुळे दोन तारखांचे मिलिसेकंद वजा करायचे आणि ८,६४,००,००० ने भागायचे, हाच रिवाज पडला. न्यूयॉर्कच्या त्या ९ मार्चला मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत २३ तासच भरत असल्याने या भागाकाराचे पूर्णांकी उत्तर शून्य दिवस येते. भारतात घड्याळ पुढेमागे होत नाही, म्हणून इथल्या वेळेवर तपासलेल्या कोडमध्ये ही चूक दिसतही नाही. ती दिसते परदेशातल्या ग्राहकाला, आणि तीही घड्याळे पुढे सरकतात तेव्हा.

दुसरा खड्डा गुणाकारात होता. तीस दिवसांचे मिलिसेकंद काढायला ३० ला २४, ६०, ६० आणि १००० ने गुणले, की २,५९,२०,००,००० यायला हवेत. पण ‘इंट’ या जावाच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, त्यामुळे हाती येते उणे १,७०,२९,६७,२९६. चोवीस दिवसांपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि पंचविसाव्याला बिघडते. कालावधी हा निव्वळ आकडा म्हणून वावरत असल्याने त्याचे एकक कोणते, हेही वाचणाऱ्याने चलाच्या नावावरूनच ओळखायचे.

खरे तर दुहेरी मांडणीची कल्पना तोवर जुनी झाली होती. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या १९९२ च्या प्रमाणकात ‘इंटरव्हल’चे दोन गट होते, वर्ष-महिन्यांचा एक आणि दिवस-तास-सेकंदांचा दुसरा, कारण महिन्याचे दिवस ठरलेले नसतात. पंचांग पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये: घटका ही नेमकी चोवीस मिनिटांची, तर तिथी साधारण १९ ते २६ तासांत कुठेही संपू शकते, आणि दोन्हींची गल्लत कोणी करत नाही.

जावात ही कोंडी फोडली ती ‘जोडा-टाइम’ने. स्टीफन कोलबोर्न यांनी २००२ च्या सुमारास सुरू केलेल्या या मुक्त लायब्ररीत ड्युरेशन, पीरियड आणि दोन क्षणांमधला ‘इंटरव्हल’ असे तीन वर्ग होते. तिचे ड्युरेशन मिलिसेकंदांत असे, पीरियडमध्ये वर्षांपासून मिलिसेकंदांपर्यंत सारे मावे, आणि क्षणाच्या जागी ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’ ही किंमत) दिला तर तो ‘आत्ता’ व कालावधीच्या जागी दिला तर शून्य मानला जाई. ही शेवटची सोय माझ्या मते घातकच होती, कारण विसरलेली किंमत मुकाट्याने चालून जाते.

२००७ साली जावात नवे तारीख-वेळ वर्ग आणण्यासाठी ‘जेएसआर ३१०’ हा प्रस्ताव सुरू झाला, तेव्हा कोलबोर्न त्याच्या प्रमुखांपैकी एक होते, तरीही जोडा-टाइम जशीच्या तशी उचलण्यात आली नाही. मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आलेल्या मांडणीत ड्युरेशन सेकंद आणि नॅनोसेकंद अशा दोन आकड्यांत साठवले जाते, पीरियडमध्ये फक्त वर्षे, महिने आणि दिवस उरले, आणि इंटरव्हल बाहेर राहिला. ड्युरेशनला ‘एक महिना’ मागितला तर ते सरळ अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा) फेकते. दिवसाला मात्र चोवीस तास धरून सूट दिलेली आहे. दोन दिवसांचे ड्युरेशन छापले, तर तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या लिपीत ४८ तास दिसतात. त्या लिपीत महिना आणि मिनिट दोघांनाही ‘एम’ हेच अक्षर असल्याने मध्ये ‘टी’ घालावा लागतो: त्याच्या आधीचा एम महिन्याचा, नंतरचा मिनिटाचा.

पीरियडमुळे महिन्याचा गुंता नाहीसा झाला असे नाही, तो उघड झाला इतकेच. ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, तीत आणखी एक मिळवला की २८ मार्च. तेच दोन महिने एकदम मिळवले तर ३१ मार्च. मासिक हप्त्याची तारीख काढणाऱ्याने म्हणून दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजावे लागते.

जुन्या भागांपर्यंत हे वर्ग पोहोचायला आणखी वेळ गेला. थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला, थोडा वेळ थांबवणारी ‘स्लीप’ ही पद्धत (मेथड) पहिल्या आवृत्तीपासून मिलिसेकंदांचा उघडा आकडा घेत आली होती. तिला ड्युरेशन देता येऊ लागले ते २०२२ साली, जावा १९ मध्ये.