चार मिलिमीटर की दोन? तान्ह्या बाळाच्या पित्तनलिकेच्या सोनोग्राफीची पार्श्वभूमी

मोठ्या माणसांची सोनोग्राफी शिकताना एक नियम पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसतो: नलिका पुढे तुंबली की मागे फुगते. 1970 च्या दशकात आधी ग्रे-स्केल, म्हणजे राखाडी छटांचं चित्र दाखवणारी, आणि मग हलतं चित्र दाखवणारी यंत्रं आली, तेव्हा हाच नियम तान्ह्या बाळांनाही लावला गेला आणि तिथे तो सपशेल फसला. बिलिअरी अट्रेशिया या तान्ह्या बाळांच्या आजारात यकृताबाहेरची पित्तनलिका दाहाने आक्रसून तिचा नुसता तंतुमय चोथा उरतो. यकृतातल्या नलिकाही त्याच दाहात सापडलेल्या असतात, त्यामुळे फुगायला काही शिल्लकच नसतं. पित्त पूर्ण अडलेलं, शी पांढुरकी, आणि रिपोर्टात मात्र 'नलिका फुगलेल्या नाहीत'. वाक्य खरं असायचं, पण वाचणाऱ्याला चकवायचं.

या चकव्यात दिवस जात, आणि दिवसच तर कमी असतात. यकृताच्या दाराशी उरलेला तंतुमय भाग कापून तिथे आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये 1959 साली प्रसिद्ध झाली. बाळ 60 दिवसांचं होण्याआधी ती झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त, हे पुढे अनुभवाने पक्कं होत गेलं. (ही शस्त्रक्रिया ज्यांच्या आडनावाने ओळखली जाते ते 'कासाई' हे आडनाव मराठीत ऱ्हस्व-दीर्घ न सांभाळता उच्चारलं तर आईबापांच्या काळजात धस्स होईल, म्हणून ते जपूनच उच्चारावं.)

नलिका काही सांगत नाही म्हटल्यावर नजर पित्ताशयाकडे वळली. पित्ताशय दिसलं नाही किंवा अगदीच चिमुकलं दिसलं तर संशय घ्यायचा, असा ढोबळ हिशेब बरीच वर्षं चालला. त्यात खोट होती ती दुधाची. बाळ नुकतंच प्यालेलं असेल तर निरोगी पित्ताशयसुद्धा मिटून दोऱ्यासारखं होतं. म्हणून साधारण चार तास उपाशी ठेवून तपासणी करायची रीत पडली. दीड महिन्याचं भुकेलं बाळ टेबलावर आकांत करतंय, प्रत्येक हुंदक्यासरशी यकृत खालीवर सरकतंय आणि प्रोब धरणारा दोन रडण्यांमधल्या अर्ध्या सेकंदात चित्र गोठवायला बघतोय. या तपासणीतली सगळी मापं अशा अर्ध्या सेकंदांत घेतलेली आहेत, हे पुढचं वाचताना विसरू नये.

1996 साली दक्षिण कोरियातल्या बालशल्यचिकित्सकांनी 'ट्रँग्युलर कॉर्ड', म्हणजे 'त्रिकोणी दोरी', ही खूण मांडली. मांडणारे शल्यचिकित्सक होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यकृताच्या दाराशी, पोर्टल व्हेन (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर) दुभंगते तिच्या अगदी पुढ्यात, जो तंतुमय शंकू ते रोज कापून काढत होते, तोच त्यांनी पडद्यावर पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात ओळखला. पण नावाने घोळ घातला. दोरी त्रिकोणी कशी असेल? वस्तू शंकूच्या आकाराची, आडव्या छेदात ती त्रिकोण दिसते आणि उभ्या छेदात पट्टा. त्यामुळे काहीजण त्रिकोण शोधत बसले, तो मिळाला नाही की 'खूण नाही' म्हणाले, आणि पट्टा समोर असून सुटला.

मग आकाराचा वाद मिटवण्यासाठी आकडा आला. 2003 च्या सुमारास उजव्या पोर्टल व्हेनच्या पुढच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा मोजायचा, 4 मिलिमीटरच्या वर गेला की खूण आहे असं धरायचं, असा निकष रूढ झाला. काहींनी त्याआधी 3 धरले होते. वरवर पाहता प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तो एका धमनीत अडकला. त्या पट्ट्याला चिकटूनच उजवी हिपॅटिक आर्टरी, म्हणजे यकृताला रक्त पुरवणारी धमनी, जाते, आणि बिलिअरी अट्रेशियात ही धमनी स्वतःच जाड होते. पडद्यावरचा मापाचा कर्सर धमनीच्या अलीकडे टेकवला तर एक माप येतं, पलीकडे टेकवला तर दुसरं, आणि रिपोर्टात दोन्हींना नाव एकच. 2015 मध्ये धमनी वगळून मोजण्याची सुधारित पद्धत पुढे आली आणि उंबरठा एकदम 2 मिलिमीटरवर उतरला. म्हणजे 4 ही बरोबर आणि 2 ही बरोबर. काय मोजलं ते सांगितलं तर. माझा कौल धमनी वगळणाऱ्यांकडे आहे. जाड धमनी ही वेगळी खूण आहे, तिची बेरीज पट्ट्यात करून दोन खुणांची एक खूण होत नाही.

खूण दिसली तर ती बहुधा खरी ठरते. दिसली नाही म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही. एकत्रित अभ्यासांत साधारण चारपैकी एका आजारी बाळात ती सापडलेली नाही. उलट, हिपॅटायटिसमध्ये (यकृताच्या दाहात) यकृताच्या दाराशी सूज असली तरी पट्टा जाड भासू शकतो.

त्याच 2003 मध्ये पित्ताशयाचाही नव्याने विचार झाला: लांबी 19 मिलिमीटरपेक्षा कमी, कडा ओबडधोबड, आतलं चकचकीत अस्तर तुटक किंवा गायब. तिन्ही एकत्र दिसली की संशय पक्का. त्रिकोणाइतकी प्रसिद्धी याला मिळाली नाही. वास्तविक हलत्या बाळात अस्तर पाहणं मिलिमीटरचा चौथा भाग मोजण्यापेक्षा कितीतरी शक्य कोटीतलं आहे.

पित्तनलिकेच्या सिस्टचं (नलिकेला आलेल्या द्रवाने भरलेल्या फुगवट्याचं) वर्गीकरण 1977 पासून पाच प्रकारांचं, त्यावर इथे फार लिहायला नको. गर्भातच सोनोग्राफी होऊ लागल्यावर एक नवा पेच मात्र उभा राहिला: यकृताच्या दाराशी दिसणारी छोटी सिस्ट ही साधी सिस्ट, की सिस्टसकट आलेला अट्रेशिया? सिस्ट लहानच राहिली आणि यकृतातल्या नलिका फुगल्या नाहीत तर दुसऱ्या शक्यतेकडे पारडं झुकतं. पहिल्या परिच्छेदातली फसवी ओळ इथे पुरावा बनते. थोड्या मोठ्या मुलांत 1980 च्या दशकात सेफट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक दिल्यावर पित्ताशयात खडे 'दिसू' लागले. ते औषधाचे कॅल्शियमबरोबर बसलेले साके होते, औषध थांबवल्यावर बहुतेकांत आपोआप विरघळून गेले.

आता यकृताचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी जोडीला आली आहे, पित्ताशयाची चित्रं वाचायला संगणकालाही शिकवलं गेलं आहे. पण हातात पडणाऱ्या कागदावर अजूनही अनेकदा 'कॉर्ड 3.2 मिमी' एवढंच असतं. धमनी धरली की सोडली, ते विचारायला फोन करावा लागतो.