अस्वलांच्या मुलुखात शिदोरी कशी सांभाळाल?

आमच्या काउंटरवर चेपलेला स्टीलचा एक डबा ठेवलाय. ट्रेकचं सामान भाड्याने न्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हा ट्रकखाली आला का? ट्रकखाली नाही, अस्वलाच्या जबड्यात आला. झाकणाला पडलेल्या भोकातून पेन्सिलीचं टोक आरपार जातं.

झालं असं. आमच्यातलाच एक जण ऑक्टोबरात कुमाऊंच्या डोंगरात गेला होता. मुक्काम बांजाच्या, म्हणजे हिमालयातल्या ओकच्या, रानात. हा डबा घातलेली खाण्याची पिशवी त्याने झाडाला टांगली, पण दोरी बांधली त्याच झाडाच्या बुंध्याला, कमरेइतक्या उंचीवर. सकाळी उठून बघतो तर पिशवी चाळीसेक पावलं खाली, उतारावर, चिंध्या झालेली. शेंगदाण्याचे लाडू गेले, दशम्या गेल्या, आणि भुरक्याची बरणी फोडून चाटूनपुसून साफ. तेव्हा तिखट आहे म्हणून अस्वल सोडून देईल, या भरवशावर कोणी राहू नये. पोरगं उपाशीपोटी दीड दिवस चालून खालच्या गावात पोहोचलं. नुकसान तेवढ्यावर निभावलं, म्हणून आज हसत सांगतो.

तो चेपलेला डबा दाखवूनच आम्ही भाड्याने मिळणाऱ्या अस्वलाच्या डब्याबद्दल, म्हणजे अस्वलाला फोडता न येणाऱ्या खाण्याच्या डब्याबद्दल, पुढचं सगळं सांगतो. घाईची गिऱ्हाइकं पूर्ण ऐकून घेत नाहीत, म्हणून हे माहितीपत्रक.

कुठल्या रानात कुठलं अस्वल

आपल्या नांदेड जिल्ह्यातही अस्वल आहे. किनवट-माहूरकडचं सागाचं रान, पैनगंगा अभयारण्य, तिकडे छत्रपती संभाजीनगरकडचं गौताळा, या भागांत सापडतं ते काळं, झिपऱ्या केसांचं अस्वल. वाळवी आणि मुंग्या हा त्याचा मुख्य आहार. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुंकून-ओढून खातं. शिवाय मध, मोहाची फुलं, टेंभुर्णं, बोरं, जांभळं. त्यामुळे सहसा ते तुमच्या पोळीभाजीसाठी तंबूत शिरत नाही. त्याचा धोका वेगळा आहे. वळणावर अचानक गाठ पडली की ते बिथरतं आणि अंगावर येतं. म्हणून इकडच्या जंगलासाठी आमच्याकडून अस्वलाचा डबा भाड्याने नेऊ नका, पैसे वाया जातील. बोलत चाला, पहाटे आणि दिवस मावळताना रानातली पायवाट टाळा, मोहाखाली, उंबराखाली किंवा वारुळाजवळ बूड टेकू नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हे तर आहेच.

तरी चटक याही अस्वलाला लागते. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादाला येतात. लोक कौतुकाने बघतात, आम्हाला मात्र ते बघून धडकी भरते. माउंट अबूला हॉटेलांच्या उकिरड्यांवर ती रात्री फिरतात.

तुमच्यापैकी बहुतेक जण सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठून पुढे हिमालयात जातात. तिथे दोन अस्वलं. रानाच्या पट्ट्यात छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं काळं अस्वल, हे झाडावर चढण्यात पटाईत. आणि त्याच्या वर, कुरणांत आणि उजाड डोंगरांत, काश्मीर, लडाख, हिमाचलच्या काही भागांत तपकिरी अस्वल. थंडीआधी दोघांनाही चरबी साठवायची घाई असते, म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबरचा ट्रेक आणि त्यांची भूक एकाच हंगामात येतात. सोनमर्गच्या आसपासच्या तपकिरी अस्वलांच्या विष्ठेत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चॉकलेटची वेष्टनं सापडली आहेत. हा कचरा अस्वलाने दुकानातून आणलेला नाही.

डबा करतो काय आणि करत नाही काय

आम्ही देतो तो डबा जाड, कडक प्लॅस्टिकचा, पिंपासारखा गोल आहे. रिकामा सव्वा किलो, आत सुमारे १० लिटर माल मावतो. त्याला कडी नाही, कान नाही, धरायला कुठे कोपरा नाही, आणि घेर इतका की अस्वलाच्या जबड्यात नीट बसत नाही. झाकण वरच्या कडेशी सपाट बसतं, नखाला अडकायला जागाच नाही. अस्वल तो लोळवतं, आपटतं, वर बसतं, कंटाळतं आणि निघून जातं. अमेरिकेत असे डबे खऱ्या ग्रिझली अस्वलांपुढे टाकून तपासतात. आत खाऊ भरायचा आणि अस्वलाच्या झटापटीचा मिळून तासभर होईपर्यंत डबा टिकला तर पास.

पण एक गोष्ट नीट ऐका, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. डबा वास अडवत नाही. अस्वलाचं नाक तुमच्या-आमच्या कल्पनेपलीकडचं आहे. झाकण लावलं तरी आत तिळाची पोळी आहे हे त्याला कळतं. डबा फक्त एवढंच करतो की त्याच्या मेहनतीला फळ मिळू देत नाही. मांजर एकदा दुधाला चटावलं की स्वयंपाकघर सोडत नाही, तसंच चटावलेलं अस्वल. तुमच्या पिशवीतून त्याला लाडू मिळाला, तर तुम्ही घरी याल, पण ते पुढच्या तंबूवर जाईल, मग मेंढपाळाच्या डेऱ्यावर, मग गावात. तिथे त्याचं काय होतं, ते सांगायला नको.

अमेरिकेतलं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरात एक मादी होती, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले, म्हणून नावच पडलं यलो-यलो. एका जातीच्या डब्याचं झाकण दाबून फिरवावं लागतं, ही युक्ती तिने शोधून काढली आणि दाताने झाकण उघडू लागली. २०१२ मध्ये ती शिकाऱ्याच्या गोळीने मेली. आमच्या डब्याची कुलपं नाण्याने फिरतात. ते नाणं दोरीला बांधून सोबत देतो, कारण पहाटेच्या गारठ्यात सुन्न बोटांनी खिशातलं नाणं शोधणं म्हणजे काय, हे आम्ही भोगलंय.

भरायचं कसं

वेळ अमावस्येला शेतात नेतो तशी शिदोरी या डब्यात मावत नाही. एका माणसाचं चार-पाच दिवसांचं कोरडं खाणं बसतं, तेही नीट भरलं तर. बिस्किटं, मॅगी, सूप यांची खोकी आणि फुगीर वेष्टनं घरीच काढा. एका पाकिटात निम्मी तर हवाच असते. चुरमुऱ्याचा चिवडा नेऊच नका, अर्धा डबा तोच खातो. न्यायचाच असेल तर पातळ पोह्यांचा, पिशवीत घालून वरून हाताने दाबून. दशम्या आणि धपाटे चवडीने कडेला उभे लावा, मधल्या पोकळीत डाळ-तांदळाच्या पुरचुंड्या. लाडू गोल ठेवू नका, चपटे करा. रूप जातं, चव जात नाही. शेंगदाण्याची चटणी, येसर, गूळ यांच्या छोट्या पुड्या फटींत कोंबा. ज्या दिवशी जे लागेल ते त्या क्रमाने वर येऊ द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशीच्या खिचडीसाठी सगळा डबा सतरंजीवर पालथा करावा लागतो.

पहिल्या दिवशीचं जेवण बाहेर असलं तरी चालतं, ते पोटात जाणारच आहे. पण पहिल्या रात्री उरलेलं सगळं आत गेलंच पाहिजे. म्हणून डबा इथेच, आमच्यासमोर एकदा भरून बघा. मागे फरशीवर जागा ठेवलीय.

आणि नुसतं खाणं नव्हे. टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, डोकेदुखीचा बाम, तंबाखूची पुडी, लहान मुलांची पावडर, औषधी गोळ्या, रिकामी वेष्टनं. जे जे वास मारतं ते ते डब्यात. सॅकच्या कप्प्यात विसरलेलं एक चिक्कीचं पाकीट सगळ्या मेहनतीवर पाणी टाकतं. ट्रेनमध्ये सॅकवर चटणीचं तेल सांडलं असेल तर चढाई सुरू करण्याआधी तेवढा भाग धुऊन घ्या.

रात्री ठेवायचा कुठे

तंबूपासून शंभर पावलं लांब, वारा तंबूकडून डब्याकडे वाहत असेल अशा बाजूला. जागा सपाट हवी. कड्याच्या टोकाला किंवा ओढ्याकाठी ठेवलात तर अस्वलाला काही मिळणार नाही, पण ढकलत नेलेला डबा दरीत किंवा पाण्यात गेला की तुम्हालाही काही मिळणार नाही. दगडाच्या खाचेत किंवा झुडपांच्या बेचक्यात तो जास्त लोळत नाही. दोरी बांधू नका, दोरी म्हणजे अस्वलाला ओढून न्यायला आयतं हँडल. आम्ही डब्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्यात, टॉर्च मारला की लांबून चमकतात. त्या काढू नका.

स्वयंपाकही त्याच बाजूला, तंबूपासून लांब. फोडणी देताना अंगावर असलेल्या कपड्यांनिशी झोपू नका. भांडी विसळलेलं पाणी गाळून खरकटं परत कचऱ्याच्या पिशवीत, आणि ती पिशवीही डब्यात. हा भाग कुणालाच आवडत नाही, ठाऊक आहे.

डबा नसेल तर टांगणं हा दुय्यम मार्ग आहे. जमिनीपासून किमान १२ फूट वर, खोडापासून ६ फूट लांब, आणि दोरीचं दुसरं टोक खोडाला नाही. हे तिन्ही जमेल असं झाड तिन्हीसांजेला दमलेल्या पायांनी शोधून दाखवा! शिवाय लडाखसारख्या ठिकाणी झाडच नसतं. सोबत एजन्सीचा स्वयंपाकाचा तंबू असेल, तर रात्री धान्य-भाजी कुठे ठेवता हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि आपला खासगी खाऊ झोपण्याच्या तंबूत लपवू नका.

नेहमीचे प्रश्न

मिरचीपूड, डांबरगोळ्या भोवती टाकल्या तर? भुरक्याची गोष्ट वर सांगितली आहे. शेकोटी? तिने खाण्याचं राखण होत नाही. सुतळी बॉम्ब? रानात अजिबात नाही.

अस्वल आलंच तर? डब्याशी खेळत असेल तर खेळू द्या, हिसकावायला जाऊ नका. सगळ्यांनी एकत्र उभं राहून लांबूनच मोठ्याने आवाज करा. समोरासमोर गाठ पडली तर पळू नका आणि झाडावर चढू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. आपल्याकडचं झिपऱ्या केसांचं काळं अस्वल अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाका. सॅक पाठीवरच असू द्या.

लेकाकडे कॅलिफोर्नियाला चाललोय, डबा इथूनच नेऊ का? नको. तिथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानातल्या मुक्कामाला असा डबा सक्तीचा आहे, तो तिथेच परवान्यासोबत भाड्याने मिळतो. टांगणं तिथे नियमाबाहेर आहे, आणि चिवट धाग्याच्या अस्वल-पिशव्याही चालत नाहीत. अंधार पडल्यावर गाडीतही खाणं ठेवायचं नाही, नातवाच्या सीटखाली सांडलेली बिस्किटंसुद्धा झाडून काढायची. खाणं लोखंडी कपाटात ठेवायचं, तशी कपाटं तळावर असतात. १९९८ साली तिथे अस्वलांच्या दीड हजारांवर घटना झाल्या होत्या, बऱ्याचशा गाड्या फोडण्याच्या. कपाटं, डबे आणि कडक नियम यांनी तो आकडा पार खाली आणला. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा अमेरिकेत विमानात कुठल्याच बॅगेत नेता येत नाही, आणि योसेमिटीत तर तो बाळगायलाच मनाई आहे.

परत देताना

अनामत पूर्ण परत मिळते. अस्वलाने दात मारले, ओरखडे काढले, तरी पैसे कापत नाही, उलट काय घडलं ते सविस्तर सांगा, चहा आमच्याकडून. चिरलेला डबा मात्र आधी दाखवा, तो आम्ही पुन्हा कुणाला देत नाही. पैसे कापतो ते वासाचे. लसणाच्या चटणीचा वास बसलेला डबा पुढच्या माणसाला कसा द्यायचा? कोमट पाणी, खाण्याचा सोडा, वर लिंबाची फोड चोळून धुवा, दिवसभर उन्हात वाळवा आणि दुकानात आणताना झाकण लावून आणू नका, उघडाच आणा.